व्हर्ना ट्रेलर मागे घेते

ऑक्टोबर लागला की हॅझलडीन गावात कोणी ना कोणी विचारायचंच, "यंदा बोय्को मंडळी कधी निघणार?" ओरेस्ट बोय्को आणि त्याची बायको व्हर्ना पहिला पक्का बर्फ पडायच्या आत पिकअपच्या मागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडायचे आणि दक्षिणेला निघून जायचे, थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात. एप्रिलमध्ये अंगणातल्या बर्फाचा चिखल होऊन वाहायला लागला की परत यायचे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात असे पुष्कळ आहेत. मागे राहणारे त्यांना पळपुटे म्हणतात आणि आतून त्यांच्यावर जळतात.

व्हर्ना या जाण्याबद्दल कायम कुरकुर करायची. चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, वळता वळता ती बायकांना सांगायची, "ओरेस्टला घरात बसवत नाही गं. मी काय, इथेही राहिले असते. पण त्याच्या पायांना चाकं आहेत ना." बायका मान डोलवायच्या. ओरेस्ट हा सावकाश जेवणारा, सावकाश बोलणारा, एकदा खुर्चीत बसला की खुर्चीचाच होऊन जाणारा माणूस. त्याच्या पायांना चाकं असतील असं बघून वाटत नसे. पण नवऱ्याचं बायकोलाच ठाऊक.

ट्रेलर ओढत सरळ जाणं कठीण नसतं. सरळ रस्ता असला की व्हर्नाही चालवायची. कठीण असतं ते मागे घेणं. ट्रेलरचं ढुंगण डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंगचं चक्र उजवीकडे फिरवावं लागतं, आणि जरा जास्त फिरवलं की सगळं धूड मोडल्या कोपरासारखं दुमडतं. म्हणून ते जोडप्याने करायचं काम. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून हातांनी खुणा करायच्या. बोय्कोंकडे ओरेस्ट चालवायचा आणि व्हर्ना मागे उभी राहायची. या खुणा कुठे छापलेल्या नसतात. ज्याच्या त्याच्या घरात त्या भांडणातून तयार होतात. पहिल्याच वर्षी ओरेस्टने ट्रेलर झाडावर घातला तेव्हा व्हर्नाने डोक्यावर हात मारून घेतला होता, तेव्हापासून डोक्यावर हात म्हणजे थांब. आणि मागे भरपूर जागा असूनही ओरेस्ट घाबरून थांबला की ती वैतागून छातीशी हातांची घडी घालायची. तेव्हापासून हाताची घडी म्हणजे ये की रे बाबा, ये.

ओरेस्ट जूनमध्ये गेला, गवत कापताना. यंत्र चालूच राहिलं आणि कुंपणाला जाऊन थांबलं.

त्या हिवाळ्यात व्हर्ना घरीच राहिली. सगळ्यांनी तेच गृहीत धरलं होतं, तिनेसुद्धा. ट्रेलर गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभा होता. नोव्हेंबर कसाबसा गेला. मग सकाळी उशिरा उजाडायला लागलं आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधारायला. दिवसभर आभाळ राखेच्या बादलीसारखं डोक्यावर. व्हर्ना एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत फिरायची. काचेवर आतून जमलेला बर्फ नखाने खरवडायची, बाहेर बघायची. बाहेर काही नसायचं. मग दुसरी खिडकी. विणकाम काढलं, ठेवलं. पाव मळला, भाजायचा विसरली. पिरोगी वळायला गेली आणि अर्ध्यातून उठून घरी आली. घरी आल्यावर कोट न काढताच उभी राहिली, कारण घरी कशासाठी आलो ते तिला सांगता येईना. एकदा तर ती उणे पस्तीसमध्ये गोठ्यामागे गेली, ताडपत्री उचलून थंडगार ट्रेलरमध्ये बसली आणि नाक बधिर झाल्यावर परत आली.

"दुःख आहे, दुसरं काय," लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

पण पुढचा उन्हाळा बरा गेला. ती हसली, बागेत राबली, बीट लावले. आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा पाणी गोठलं त्या सकाळी तिचे पाय पुन्हा खिडक्यांच्या फेऱ्या घालायला लागले. तेव्हा तिने सस्कॅटूनला मुलाला फोन केला.

"डार्सी, मी ट्रेलर घेऊन जाणार आहे."

"कोणाबरोबर?"

"ट्रेलरबरोबर."

डार्सी शनिवारी गाडी काढून आला. हा मुलगा बापासारखा सावकाश नव्हता. त्याला सगळं आधीच्या आधी ठरवून हवं असायचं. "आई, शॉनाचे मामा ट्रेलर घ्यायला तयार आहेत," तो म्हणाला. शॉना म्हणजे त्याची बायको. "तू तिकडे विमानाने जा. खोली घे एखादी. तुला ट्रेलर मागे घेता येत नाही."

"शिकेन."

"या वयात?"

"मग काय, पुढच्या वयात शिकू?"

बर्फावर दगड सरकवत खेळायचा कर्लिंगचा हॉल गावाबाहेर आहे. त्याच्यापुढे मोठं रिकामं पटांगण. तिथे व्हर्नाने सराव केला. आपटायला काहीच नव्हतं, त्यामुळे काही आपटलं नाही. डार्सी हाताची बोटं बगलेत घालून बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण एक अट. वाटेत कुठेही, तिथे पोचल्यावरसुद्धा, दुसऱ्या कोणाला चक्र धरावं लागलं तर मला फोन करायचा. मी येऊन ट्रेलर घेऊन जाईन, आणि तो मामांना द्यायचा. हे मी तुला छळायला म्हणत नाही. कुठेतरी डोंगरात एकटी अडकून पडशील, मला झोप लागणार नाही."

"कबूल," व्हर्ना म्हणाली. ती दिला शब्द मोडणारी नव्हती, आणि तिला स्वतःचा हा गुण त्या क्षणी फार काही आवडला नाही.

ती निघाली. सरहद्दीवरच्या तरुण अधिकाऱ्याने खिडकीतून आत डोकावून विचारलं, "बाई, एकट्याच?"

"हो."

"गाडीत मांस, फळं, बटाटे?"

"पिरोगी आहेत. बटाट्याच्या. शिजवलेल्या, गोठवलेल्या."

त्याने जरा विचार केला. "माझी आजी पण करते," असं म्हणून हाताने जा म्हणाला.

मोंटाना ओलांडेपर्यंत थंडी पाठीवर बसलेली होती. ट्रेलरच्या नळांत पाणी भरता येत नव्हतं. नळ्या फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात भरतात ते गुलाबी औषध अजून त्यांच्यात होतं. ती बाटल्यांतल्या पाण्यावर चहा करायची. रोज थोडं ऊन जास्त, रोज अंगावरचा एक कपडा कमी. चालवताना तिच्या पायांची चुळबुळ थांबायची. थांबली की सुरू.

मात्र ती एक चलाखी करत होती. रात्रीच्या मुक्कामाला ती आरपार जागाच मागायची, म्हणजे एका तोंडाने आत शिरायचं, सकाळी दुसऱ्या तोंडाने सरळ बाहेर. पेट्रोल पंपावर वळण्याआधी ती बाहेर पडायची वाट शोधायची. युटामध्ये एका खानावळीच्या आवारात मात्र फसली. पुढे गाड्या, बाजूला भिंत. मागे घेतला तरच बाहेर. व्हर्ना आत गेली, सूप मागवलं. पुढच्या गाड्या निघेनात. ॲपल पाय मागवला. कॉफी मागवली.

"अजून काही, ताई?" वाढणारी मुलगी म्हणाली.

"ती निळी गाडी कोणाची आहे?"

"आमच्या आचाऱ्याची."

"त्याची सुट्टी कधी होते?"

"चार वाजता."

व्हर्नाने चारपर्यंत पाय हलवत कॉफी प्यायली आणि आचारी गेल्यावर सरळ बाहेर पडली. ट्रेलर तिने अजून एकदाही मागे घेतला नव्हता. डार्सीला फोनवर सांगताना ती म्हणायची, "सगळं सुरळीत." खोटं काहीच नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर तिला बसवायचं नाही.

ॲरिझोनातल्या त्यांच्या ट्रेलरवाल्यांच्या तळाचं नाव कॉपर फ्लॅट्स. बर्नडीन नावाची बाई तो चालवते. व्हर्नाने महिनाभर आधीच तिला फोन करून आरपार जागा मागितली होती. पण ती दुपारी पोचली तेव्हा बर्नडीन कचेरीतून धावत बाहेर आली, गळ्यात पडली, आणि म्हणाली, "मी काय केलं सांगू? आरपार जागा एका डेट्रॉइटवाल्याला दिली आणि तुमची जुनी जागा तुझ्यासाठी राखली. वेंडेल-लॉइसच्या शेजारची. तिथे दुसरं कोणी असणं मला बघवलं नसतं."

इतक्या प्रेमाने खणलेल्या खड्ड्याला माणूस काय म्हणणार.

जुनी जागा म्हणजे एका बाजूला काटेरी पालोवर्देचं झाड, दुसऱ्या बाजूला वेंडेलचा ट्रेलर, मागच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ. आत जायचं ते उलटंच. आणि वेळ अशी की उन्हं कलली होती, म्हणजे तळावरचे लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या बाहेर काढून बसले होते. कोण येतंय, कोण कसा ट्रेलर लावतंय, कुठल्या जोडप्याचं कसं वाजतंय, हे बघणं ही तिथली संध्याकाळची करमणूक. ओरेस्ट तर मे उजाडेपर्यंत तेवढंच बघत बसला असता. व्हर्नाही त्या खुर्च्यांत बसून खूप हसली होती.

वेंडेल उठून आला. मिनेसोटाचा, निवृत्त बस ड्रायव्हर, पोट पुढे. "चावी टाक इकडे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"डार्सीशी बोली झालीय. चक्र दुसऱ्याने धरलं की ट्रेलर गेला."

"डार्सी कुठे आहे? मला तर दिसत नाही. लॉइस, तुला कुठे डार्सी दिसतो का?"

"नाही," त्याची बायको लॉइस खुर्चीतून म्हणाली. "फार चांगला मुलगा आहे, पण दिसत नाही."

व्हर्नाने चावी मुठीत धरली. दोन मिनिटं. मग गार पेय, खुर्ची, आणि सगळं झालं असतं. तिने चावी परत गाडीत लावली.

पहिल्या खेपेला ट्रेलर झाडाकडे गेला. तिने पुढे घेतला. दुसऱ्या खेपेला वेंडेलच्या खिडकीकडे. परत पुढे घेतला. मग मागे किती जागा आहे ते बघायला ती गाडी बंद करून खाली उतरली, चालत मागे गेली आणि नळाच्या जवळ, नेहमीच्या ठिकाणी उभी राहिली. झाड बघितलं, नळ बघितला, आणि उजवा हात उचलून तिने ट्रेलरला डावीकडे येण्याची खूण केली. हात तसाच वर ठेवून ती वाट बघत राहिली. पिकअप हलेना. "अरे ये ना," ती पुटपुटली.

मग तिच्या लक्षात आलं की पिकअपमध्ये कोणीच नाही.

खुर्च्यांत कोणी हसलं नाही. एकाने तेवढ्यात टोपी काढून तिच्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. व्हर्नाने हात खाली घेतला.

वेंडेल पुन्हा उठला. "हे बघ, खुणा केलेल्या चालतात ना तुझ्या डार्सीला? खुणा तर सगळेच घेतात. बस गाडीत. मी उभा राहतो."

हे तिला पटलं. ती बसली, आरशात वेंडेलचं पोट दिसत होतं. तो हात हलवत होता आणि ट्रेलर खरंच सरळ जात होता. थोडा अजून. अजून थोडा. मग आरशात वेंडेलने छातीसमोर दोन्ही हात आडवे एकमेकांवर टाकले. त्याच्या आणि बहुतेक लोकांच्या खुणेत त्याचा अर्थ थांब. व्हर्नाला हे माहीत नव्हतं असं नाही. लॉइसला त्याच्यासाठी तशी खूण करताना तिने कितीदा तरी बघितलं होतं. पण खुर्चीत बसून बघितलेलं पायापर्यंत पोचत नाही. तिच्या पायाला ती स्वतः घालायची ती हाताची घडी दिसली, जागा भरपूर आहे, ये की. तिने जोर दिला.

नळ मुळापासून मोडला. पाण्याचा फवारा ट्रेलरच्या छपराएवढा उंच उडाला आणि वेंडेल नखशिखान्त भिजला. बर्नडीन पाना घेऊन धावली आणि तिने मुख्य चावी बंद केली.

"हात आडवे केले होते मी," वेंडेल म्हणाला. त्याच्या मिशीतून पाणी गळत होतं. "आडवे. दोन्ही."

"आडवे म्हणजे ये."

"कोणाच्या घरी?"

"आमच्या."

"तुमच्या घरी थांब कसं म्हणतात मग?"

व्हर्नाने डोक्यावर हात मारून दाखवला. लॉइस इतकी हसली की तिला खुर्चीचा दांडा धरावा लागला. व्हर्ना हसली नाही. फुटलेल्या मागच्या दिव्याचे लाल तुकडे ती बुटाने गोळा करत होती.

"करते डार्सीला फोन," ती म्हणाली. "येऊ दे. घेऊन जाऊ दे. तसंही हे सगळं ओरेस्टचं खूळ होतं. त्यालाच हिवाळ्यात घरी राहवायचं नाही. मी आपली त्याच्या मागे मागे."

वेंडेल आणि लॉइसने एकमेकांकडे बघितलं.

"ओरेस्टला?" वेंडेल म्हणाला. "अगं, ओरेस्टला गावातला कर्लिंगचा हॉल आणि एक खुर्ची दिली असती तर त्याने जन्मात गाव सोडलं नसतं. दर वर्षी इथे येऊन आधी तेच सांगायचा मला. हॉलमध्ये आता काय चाललं असेल, कोणाचा संघ जिंकत असेल."

"मग यायचा कशाला?"

"तुझ्यासाठी. म्हणायचा, ऑक्टोबर लागला की व्हर्ना घरातल्या घरात मैलोगणती चालते. हिला घेऊन निघालो नाही तर एक दिवस भिंत फोडून जाईल."

"मला हे कधी बोलला नाही."

"तू त्याला सांगत होतीस ना, तुझ्यासाठी येते म्हणून," लॉइस म्हणाली. "मग तो काय बोलणार बिचारा."

व्हर्ना ट्रेलरच्या पायरीवर बसली. बसली आणि लगेच उठली. गेल्या हिवाळ्यातल्या खिडक्या तिला आठवल्या. ते दुःखामुळे होतं असं तिने सगळ्या गावाबरोबर मानलं होतं. दुःख होतंच. पण खिडक्या त्याच्या आधीच्या होत्या, लग्नाआधीच्याही असतील. फक्त इतकी वर्षं त्यांच्यापाशी पोचायच्या आत कोणीतरी पिकअप सुरू करत होतं. आणि आता ट्रेलर गेला तर पुढचा हिवाळा त्या घरात, आणि त्याच्या पुढचा.

ती सगळ्यांकडे वळली. "खुर्च्या फिरवा."

"काय?"

"पाठ करून बसा माझ्याकडे. सगळे. वेंडेल, तू कपडे बदल आधी."

लोकांनी खरोखर खुर्च्या उचलून फिरवल्या. तळावर असं कधी झालं नव्हतं. डेट्रॉइटवाला नवा होता, त्याला वाटलं ही इथली रीतच असेल, त्यानेही फिरवली. सगळे ओळीने डोंगराकडे तोंड करून बसले आणि कान मागे लावून ऐकत राहिले.

व्हर्ना हातभर मागे घ्यायची, थांबायची, उतरायची, चालत मागे जायची, जिथून इतकी वर्षं बघितलं तिथून बघायची. मग परत चालत पुढे, वर चढायचं, पुन्हा हातभर. चक्राचा उलटा हिशोब डोक्यात ठेवता ठेवता तिचं डोकं दुखायला लागलं. एकदा ट्रेलर दुमडला, तिने सगळा बाहेर काढला आणि पहिल्यापासून सुरू केलं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज, दार लावल्याचा आवाज, खडीवर बूट. खुर्च्यांतून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता उजवीकडे जास्त झालं वाटतं." लॉइसने त्याला चापटी मारली.

दिवे लागायच्या वेळेला इंजिन बंद झालं आणि परत सुरू झालं नाही.

"फिरलं तरी चालेल," व्हर्ना म्हणाली.

ट्रेलर जागेत होता. तिरका होता, चांगलाच. शेपूट झाडाकडे, आणि दार अशा कोनात की उघडलं की बाहेर येणाऱ्याला आधी काट्यांची फांदी बाजूला करावी लागे. वेंडेलने सुक्या शर्टात चारी बाजूंनी फेरी मारली. "एकदा पुढे घेऊन जरा सरळ केलास तर..."

"नाही," व्हर्ना म्हणाली.

तिने तिथेच उभ्या उभ्या डार्सीला फोन लावला.

"पोचले. ट्रेलर लावला."

"कोणी?"

"मी."

"आई, खरं सांग."

"नळ मोडला. मागचा दिवा फुटला. वेंडेल भिजला. ट्रेलर इतका तिरका आहे की दार झाडात उघडतं. वेंडेलने लावला असता तर यातलं काही झालं असतं का?"

व्हर्नाला त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्यामागे त्यांचं घर तापवणारी भट्टी घरघरत होती. तिकडे बर्फ सुरू झाला असणार.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "नसतं झालं." मग म्हणाला, "मामांना काय सांगू?"

"दुसरा बघा म्हणावं."

नवा नळ तिने स्वतः बसवून घेतला आणि डिसेंबरभर संध्याकाळी ती सगळ्यांबरोबर बसली. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. ऊन छान होतं, गप्पा छान होत्या, पण खुर्चीत तिचे गुडघे सारखे हलत असायचे. ओरेस्टशेजारी इतकी वर्षं या खुर्चीत बसून आपण काय करत होतो, हे तिला आठवेना. बहुतेक उठायची वाट बघत होतो, असं तिला वाटलं. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिने नकाशा काढला. टेक्सासच्या टोकाला समुद्रकाठी एक तळ होता. ओरेस्टने तो कधी बघितला नव्हता. त्याला वाळू जोड्यात गेलेली आवडायची नाही.

सकाळी लवकर ट्रेलर जोडताना लॉइस झोपेच्या कपड्यांवर कोट घालून बाहेर आली.

"तिथे ओळखीचं कोण आहे तुझं?"

"कोणी नाही गं," व्हर्ना म्हणाली, आणि हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की लॉइसला क्षणभर थोडं वाईटच वाटलं. "फांदी धर जरा. निघते."

लॉइसने फांदी धरली. ट्रेलर निघाला. तळाच्या फाटकापाशी डाव्या हाताला जवळच्या यूमा शहराचा रस्ता, उजव्या हाताला टेक्सासचा. मागचा एकच दिवा पेटत होता, दुसरा अजून बसवायचा राहिला होता, पण वळायची खूण द्यायला हवा होता तोच नेमका, उजवा.